काठीपाशी कुणी उभं राहू नये

१

गाडीवर वायरलेसची काठी बसवताना ज्ञानोबाचा एकच कायदा होता. मीटर लावला की काठीपाशी कुणी उभं राहायचं नाही. मग तो साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप.

काठी म्हणजे एरियल. पोलादाची, बोटापेक्षा बारीक, हात वर केलेल्या माणसाहून उंच. कागदावर एरियल लिहितात, ज्ञानोबा काठी म्हणायचा. बसवकल्याण तालुक्यातल्या एका साखर कारखान्यानं ऊसतोडीच्या जीपगाड्यांना लायसनचे सी.बी. सेट घेतले, तेव्हा असलं काम येणारा आसपास हा एकटाच होता. शाळेत चार बुकं शिकला, बाकीचं फौजेत. तोंड मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं, ते जन्माचंच तसं.

"माणूस म्हणजे पाण्यानं भरलेली पखाल," तो ड्रायव्हर लोकांना सांगायचा. "काठीशेजारी पखाल उभी केली की काठीला वाटतं, आपण लांब झालो. मग ताकद हवेत जायची ती माघारी येती, आन् मीटरची सुई चढती. सुई खाली झोपलेली पायजे. कळलं? न्हाई कळलं तरी लांब व्हा."

सगळ्या गाड्या झाल्या, शेवटी नागनाथची राहिली. नागनाथ म्हणजे ज्ञानोबाच्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. बहीण गेली तेव्हा तिनं तो भावाच्या पदरात टाकला. ज्ञानोबानं त्याला वाढवला, आपली लेक शोभा त्याला दिली, आणि आपल्या शब्दावर कारखान्यात ड्रायव्हर म्हणून लावला. दोन्ही लेकरं एकाच घरात, एकाच ताटाला. बायको कधीच गेलेली. म्हाताऱ्याला त्या दोघांपलीकडं काही नव्हतं, आणि हे तो कधी बोललाही नव्हता.

जीप मुरमाच्या माळावर मधोमध उभी केली. मागच्या मडगार्डाला काठी कसली. दारं लावली, बॉनेट लावलं.

"जा, त्या बाभळीपशी."

"एवढं लांब कामून मामा?"

"तुझं पोट सुटायलंय म्हणून. जा."

नागनाथ हसत गेला. ज्ञानोबानं सीटवर आडवं होऊन माइकचं बटण दाबलं आणि सुई पाहिली. चढली. नुसती थरथरली नाही, चांगली चढली. सेटवरच्या वरच्या नंबराला, म्हणजे चॅनेलला, तर आणखी वर. याचा अर्थ एकच, काठी लांब. पण काठी त्यानं टेपनं मोजलेली. बाकीच्या गाड्यांवर तेवढीच काठी, आणि तिथं सुई लोळत पडलेली.

हे असं व्हायचं म्हणजे काठीपाशी कुणीतरी उभं असतं. त्यानं न पाहताच हाग्या दम भरला, "कोण हाय रे तिकडं? सरक."

कुणी बोललं नाही. तो उतरून मागं गेला. माळ मोकळा. बाभळीखाली नागनाथ बिडी ओढत बसलेला. गाडीखाली कुत्रं असेल म्हणून वाकून पाहिलं. कुत्रंही नव्हतं.

मग त्यानं बोल्टाखालचा रंग खरवडला. तार बदलली. मीटर दुसऱ्या गाडीला लावून आणला, तिथं ठीक. पुन्हा इथं लावला, सुई वर. ऊन डोक्यावर आलं. सगळ्या ड्रायव्हरांपुढं मिरवलेला माणूस, आता घरच्या गाडीवर अडला. मान खाली घालून टेपवर विश्वास ठेवायचा की सुईवर, एवढाच प्रश्न होता. त्यानं सुईवर ठेवला. करवत घेतली आणि काठीचं टोक बोटभर कापलं. सुई थोडी उतरली. आणखी कापलं, कानस मारली. सुई झोपली.

"झालं का मामा?" नागनाथ चालत आला. तो जसा जवळ आला तशी सुई हलली आणि चढली. जितं माणूस, चढणारच.

"तिथंच थांब म्हटलं ना."

"झालंय की. मग तोंड कामून असं?"

ज्ञानोबानं कापलेले तुकडे खिशात टाकले. कापलेली काठी काही पुन्हा वाढत नाही. एवढं त्याला त्या घडीलाच खुपलं होतं.

२

गाडी मात्र झकास चालली. वायरलेसच्या खोलीत बसणारा वीरण्णा भेटला की म्हणायचा, "अण्णा, बाकीच्यांचा आवाज चुलीत फुंकल्यागत येतोय. तुमच्या नागनाथचा म्हणजे शेजारी बसून बोलायलाय असं वाटतंय."

कुणी कौतुक केलं की ज्ञानोबा आणखी चिडका व्हायचा. या वेळी त्यानं नुसते खिशातले ते तुकडे चाचपले.

एकदा जेवताना नागनाथ म्हणाला, "मामा, काठीचं एक सांगू का? हसू नका."

"हसायला तू काय तमाशातला हायस? बोल."

"ती हलत न्हाई."

"मग काय नाचवायची हाय?"

"तसं न्हाई. जगदेवप्पाच्या गाडीची काठी खड्ड्यात गेली की चाबकावानी वळती. माझी सरळ. नाल्यातल्या धोंड्यावरून गाडी उड्या मारत नेली, मी मागं बघायलोय तर ताठ उभी. कुणीतरी मुठीत धरल्यागत."

"बुडाची स्प्रिंग नवी हाय. घट्ट हाय."

"सगळ्यांच्याच नव्या हायत की."

शोभा ताटात भाकरी वाढत होती. हात तसाच राहिला. "अप्पा, तुम्ही एकदा बघा ना."

"बघितलंय. ड्रायव्हरानं पुढं बघून गाडी चालवावी. मागं काय हाय ते मागच्यानं बघावं."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच ते वाक्य आवडलं नाही. त्यानं कांदा फोडला. नागनाथ हसला, पण शोभा हसली नाही. त्या रात्री तिनं नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात अंगाऱ्याची पुडी घातली, आणि ज्ञानोबानं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

३

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो कारखान्याच्या आवारात गेला. नागनाथ कँटीनला गेलेला. जीप उसाच्या चिपाडाच्या ढिगाशेजारी, उन्हात, एकटी. ज्ञानोबानं मीटर जोडला आणि सीटवर बसला. तारेत दव गेलं असेल, जोड ढिला असेल, आपलं वय झालं असेल. अशी कारणं तो मनात एकेक करून लावून बघत होता, जसा रखवालदार किल्ल्या लावून बघतो.

बटण दाबलं. सुई वर.

या वेळी खालच्या नंबराला जास्त. म्हणजे काठी आखूड. असणारच, त्यानंच कापली होती. त्याला बरं वाटलं. टेप खरी होती. त्या दिवशीच मीटरला काहीतरी झालं होतं, नवी काठी आणायची की मिटलं.

तेवढ्यात मागं चिपाड वाजलं.

वाळक्या चिपाडावर पाय पडला की आवाज होतो तसा. सावकाश. एक पाऊल, मग थांबणं, मग एक पाऊल. ज्ञानोबाचा अंगठा बटणावर तसाच होता. सुई उतरू लागली. एकदम पडली नाही. कुणी चालत जवळ यावं तशी, पावलागणिक. चिपाडाचा आवाज थांबला, तेव्हा सुई तळाला झोपली होती. झकास जुळलेली. असं जुळणं त्याला आयुष्यात कधी साधलं नव्हतं.

मान वळवली की मागची काच होती. काचेपलीकडं काठी होती. त्यानं मान वळवली नाही. पन्नास माणसांवर खेकसलेला माणूस. तोंडातून सवयीनं निघून गेलं,

"बाजूला हो."

चिपाड वाजलं. सुई चढली.

ज्ञानोबानं बटण सोडलं. मीटर काढला, तार न गुंडाळताच पिशवीत कोंबली, आणि गाडीच्या पुढच्या बाजूनं, बॉनेटला हात लावत लावत, बाहेर पडला. स्टोअरात रामकिशन टेबलावर डोकं ठेवून झोपला होता.

"नवी काठी पायजे. आजच."

"आज कुठली अण्णा? गुलबर्ग्याहून मागवावी लागती. येळवशीपर्यंत येईल. जुनीला काय झालं?"

"काय व्हायचंय? आखूड झालीय."

"काठी आखूड होती व्हय?" रामकिशननं डोळे चोळले. "तुम्हीच बसवली ना?"

ज्ञानोबा पिशवी काखेत मारून निघाला. संध्याकाळी त्यानं नागनाथला सांगितलं, नवी काठी येईपर्यंत गाडी काढू नको. नागनाथ म्हणाला, "हंगाम हाय मामा. गाडी उभी केली तर साहेब मला बी उभं करंल. शब्द तुमचा हाय तिथं." पाय वाजले असं कसं सांगणार? ज्यानं सगळ्यांना येडं म्हटलं, त्याला येडं म्हणवून घ्यायची सवय नसते.

४

येळवशीला आमच्या भागात गावं ओस पडतात. मार्गशीर्षातली अवस. सगळे आपापल्या रानात, कडब्याची खोपटासारखी कोप करतात, पाच दगडांचे पांडव मांडतात, आणि तिथंच जेवतात. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या भाकरी. एक रीत कुणी मोडत नाही. रानाशेजारून जो कुणी जाईल त्याला हाक मारायची, जात-गाव न विचारता जेवायला बसवायचं. लाजून आला नाही तर वाढून त्याच्यापाशी न्यायचं. येळवशीला रानातून माणूस उपाशी गेला तर पीक रुसतं म्हणतात.

नागनाथचं रान कोहिनूर गावात. ऊसतोडीला सुट्टी, म्हणून साहेबानं जीप नेऊ दिली; वायरलेसच्या खोलीत वीरण्णा तेवढा कामावर होता. नवी काठी आदल्या दिवशीच आली होती, ती गाडीत आडवी टाकलेली. जेवण झालं की बदलायची असं ज्ञानोबानं ठरवलं होतं. खरं तर आधी बदलायची होती, पण शोभानं सकाळपासून उपास धरलेला. "अप्पा, आधी पांडवाला निवद, मग तुमची काठी." त्याचं तिच्यापुढं चालत नसे.

जीप बांधावर उभी होती, कोपीपासून हाकेच्या अंतरावर. तिघं जेवायला बसले. शाळू छातीला लागलेला, हरभरा घाटे धरू लागलेला, वारा अजिबात नव्हता. ज्ञानोबा उंडा कुस्करत होता, आणि नागनाथनं मान वर करून गाडीकडं पाहिलं.

"पाव्हणं, या की जेवायला."

अगदी सहज. जसा कुणीही म्हणेल.

ज्ञानोबानं पाहिलं. बांध, जीप, काठी. बाकी काही नाही.

"कुणाला म्हणायलास?"

"त्यो काय, काठीला धरून उभा हाय. पाठमोरा." नागनाथनं पुन्हा आवाज दिला, "या की. अवस हाय, न्हाई म्हणू नका."

"नागनाथ, तिथं कुणी न्हाई."

"तुमच्या चष्म्यानं कोपीचं दार दिसंना, मामा." तो हसला. "लाजायलाय बिचारा. शोभे, दे एका वाटीत आंबील. मीच नेतो."

"तू बस," ज्ञानोबा म्हणाला.

"रीत हाय, मामा. बोलावलेल्याला कसं उपाशी ठिवायचं?"

"म्या नको म्हणायलोय."

"तुम्ही तर सगळ्यालाच नको म्हणता." नागनाथ वाटी घेऊन उठला. अनवाणीच. कुणी पंगतीत चप्पल घालून बसत नाही. ज्ञानोबाला उठायचं होतं. मांडी घातलेले म्हातारे गुडघे, एक हात जमिनीला टेकेपर्यंत पोरगं बांधापर्यंत गेलंही.

नागनाथ जीपच्या मागं वळला. आता गाडीआड त्याचं अंग दिसत नव्हतं. गाडीखालून, चाकांच्या मधून, त्याचे पाय तेवढे दिसत होते. काठीच्या बुडाशी, जवळ जवळ, उभे. एकच जोडी. बोलणं ऐकू येत नव्हतं. शोभा म्हणाली, "कोण हाय अप्पा?" ज्ञानोबानं हातानं तिला गप्प केलं.

मग नागनाथ बॉनेटकडून बाहेर आला. रिकामी वाटी हातात, ओठ मिटलेले, चाल नेहमीची.

ज्ञानोबाची नजर गाडीखालीच होती. काठीच्या बुडाशी पाय अजून उभे होते.

त्यानं डोळे मिटले, पुन्हा उघडले. मुरूम होता, चाकं होती.

"कोण होता?" शोभानं विचारलं.

"होता एक. गेला." नागनाथ आपल्या पानावर बसला आणि खाली मान घालून जेवू लागला.

५

जेवण आटोपल्या आटोपल्या ज्ञानोबानं पाना घेतला. बोल्ट निघाला. जुनी काठी त्यानं उपसली. कुणाच्या पायात येऊ नये म्हणून कोपीशेजारी मऊ मातीत उभी खोचून ठेवली. नवी काठी टेप लावून मोजली, कसली. मग दोघांनाही कोपीत पिटाळलं.

बटण दाबलं. सुई तळाला. पहिल्या दाबात, न कापता, न घासता.

त्यानं वरचा नंबर पाहिला, खालचा पाहिला. सुई झोपलेली. काठीपाशी कुणी नव्हतं. त्याच्या छातीवरून पोतं उतरल्यासारखं झालं. घामानं चष्मा घसरत होता आणि त्याला हसू येत होतं. पाय काय, सावली असेल. शाळूचं धाट असेल. उतारवयात अवसेच्या उन्हात पोटभर आंबील प्यायल्यावर आणखी काय दिसणार?

"शोभे, चहा ठिवलास का?"

शोभा चहाची पितळी घेऊन आली, काठीच्या बाजूनं. ती जवळ येताच सुई चढली. ज्ञानोबा खुशीत म्हणाला, "बघ, तू आलीस की लगेच सांगतंय. जा आता तिकडं, पखाले." ती लाजून मागं झाली, सुई खाली आली. मीटर खरा, काठी खरी.

"झालं का मामा?"

नागनाथ काठीशेजारी उभा होता. कधी आला ते ज्ञानोबाला कळलं नव्हतं. कळलं नव्हतं, कारण सुई हलली नव्हती.

ज्ञानोबानं बटण सोडलं, पुन्हा दाबलं. सुई तळाला.

"जरा जवळ ये."

नागनाथ जवळ आला.

"आणखी. हात कर काठीपाशी. धरू नको, नुसता जवळ ने."

नागनाथनं तळवा काठीजवळ नेला. बोटभर अंतर राहिलं. एवढ्या जवळ उंदीर आला असता तरी सुई उडाली असती. ती लोळत पडून राहिली, माळावर कुणीच नसल्यासारखी.

"काय मामा?" नागनाथनं विचारलं. "बरोबर हाय ना?"

पलीकडून शोभाची हाक आली, ऊन कलायलंय, निघू या. नागनाथ गेला आणि तिच्या हातातलं गाठोडं त्यानं घेतलं. तिनं पदरानं त्याच्या कपाळावरची माती पुसली.

६

शोभा पुढं बसली, नागनाथ स्टिअरिंगच्या चाकावर. ज्ञानोबा मागच्या बाकावर, मांडीवर मीटर. जोडलेली तार त्यानं सोडली नव्हती. गाडी सुरू झाली तसा सेट खरखरला आणि वीरण्णाचा आवाज आला.

"नागनाथअण्णा, काय झालं? बोल की. केव्हापासून हाका मारायलास."

माइक हुकाला टांगलेला होता. दिवसभर त्याला ज्ञानोबाशिवाय कुणी हात लावला नव्हता.

"मामा, मामा म्हणून ओरडायलास," वीरण्णा म्हणाला. "मला सोडून जाऊ नका म्हणतोस. गाडी पलटी झाली का? कुठं हायस ते सांग. जगदेवप्पाला धाडतो."

शोभा हसली. "अवो, हे काय ऐकू यायलंय त्यांना?"

चाकावरच्यानं माइक काढला. "वीरण्णा, आम्ही ठीक हाव. सगळे गाडीतच हाव."

"मग ह्यो कोण? आता बी रडायलाय. तुझाच आवाज हाय, अण्णा."

ज्ञानोबानं मागं पाहिलं. रान मागं सरकत होतं. कोपीच्या कडब्याचं पानही हलत नव्हतं. शेजारी मातीत खोचलेली ती आखूड काठी मात्र वाकली होती. टोकाकडं नाही, मधोमध. बुडणारा माणूस वरची फांदी दोन्ही हातांनी धरून ओढतो तशी. आणि ती गाडीच्या दिशेनं वाकली होती.

त्यानं तोंड उघडलं. थांबव, एवढंच म्हणायचं होतं. मग आरशात त्याला ते डोळे दिसले. नागनाथचेच डोळे, शांत, त्याच्यावर ठेवलेले.

"मामा, काही ऱ्हायलं का मागं?"

शोभाही वळली. हसऱ्या तोंडानं, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. "काय ऱ्हायलं, अप्पा? उतरता का?"

उतरायचं म्हटलं तर गाडी पुढं जाणार होती. शोभा त्या गाडीत होती. एक लेकरू मागं ओढत होतं, एक पुढं बसलं होतं, आणि मधे म्हातारा, मांडीवर मीटर घेऊन.

"न्हाई," ज्ञानोबा म्हणाला. इतक्या बारीक आवाजात तो आयुष्यात बोलला नव्हता. "काही न्हाई. चल."

"आवाज कमी व्हायलाय," सेटातून वीरण्णा म्हणाला. गाडी बांध उतरून गाडीवाटेला लागली. "लांब जायलाय. आता नुसतं मामा ऐकू येतंय." थोडी खरखर झाली. "आता ते बी न्हाई."

चाकावरच्यानं माइक हुकाला लावला. "काठी लई झकास बसवली, मामा."

कोहिनूरची ती वाट म्हणजे नुसते खड्डे. गाडी उडत होती, शोभा हसत बाक धरून बसली होती, मीटर ज्ञानोबाच्या मांडीवरून घसरत होता. त्यानं मागच्या काचेतून वर पाहिलं.

नवी काठीही ताठ उभी होती.